आपत्कालीन वर्दी घेताना या चुका टाळा

पुण्यात अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात १०१ वर येणारी वर्दी, म्हणजे घटनेची खबर असो, औंध येथील केंद्रात १०८ वर येणारी रुग्णवाहिकेची मागणी असो किंवा ११२ वरून शहर पोलिसांकडे आलेला कॉल असो, फोन घेणाऱ्याच्या हातून होणाऱ्या गंभीर चुकांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे समोरच्याने न सांगितलेली गोष्ट गृहीत धरणे. ही सवय नवख्यांपेक्षा मुरलेल्यांना अधिक जडते, कारण असंख्य वेळा ऐकलेले वाक्य अर्धे कानावर पडताच उरलेले अर्धे मन स्वतःच पूर्ण करून टाकते.

पत्ता सुचवून हो म्हणवून घेणे

सर्वांत महागात पडणारी चूक पत्त्याची असते. पुण्यात कोथरूडला आनंदनगर आहे आणि मुठेच्या पलीकडे सिंहगड रस्त्यावरही आनंदनगर आहे. वडगाव म्हटले तर शेरी, बुद्रुक, खुर्द आणि थेट मावळातले असे चार पर्याय समोर येतात. अशा वेळी संभाषण पुष्कळदा पुढील वळण घेते.

“साहेब, आनंदनगरला आग लागलीय, लवकर गाडी पाठवा!”
“कोथरूडचे आनंदनगर ना?”
“हो हो, लवकर या!”

येथे पत्ता मिळालेला नाही. घाबरलेला माणूस कोणत्याही प्रश्नाला हो म्हणतो, कारण त्याला प्रश्न संपायला हवे असतात. म्हणून उत्तर ज्यात दडलेले आहे असा प्रश्न विचारूच नये. “कोणत्या मोठ्या रस्त्यावरून आत यायचे?” किंवा “जवळून मेट्रो जाते का, कोणते स्टेशन?” असे विचारले की उत्तर त्यालाच द्यावे लागते. “मारुती मंदिराजवळ” या खुणेवर तर अजिबात विसंबू नये, कारण मारुतीचे मंदिर नसलेला भाग या शहरात शोधावा लागेल. शेवटी नोंदवलेला पत्ता सावकाश वाचून दाखवावा आणि त्यात काही चुकले आहे का, असे विचारावे. पत्ता बरोबर आहे का, असे विचारले तर पुन्हा हो हेच उत्तर मिळते.

फोन करणाऱ्याचे ठिकाण दाखवणाऱ्या नकाशावरच्या ठिपक्याचेही तसेच आहे. हिंजवडीच्या कार्यालयात बसलेला मुलगा सदाशिव पेठेत एकट्या राहणाऱ्या आईसाठी फोन करतो, तेव्हा ठिपका हिंजवडीच दाखवतो. त्यामुळे फोन करणारा कोठे आहे आणि मदत कोठे हवी आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच विचारावेत. त्याच दमात आईजवळ आत्ता कोण आहे, दार आतून बंद आहे का आणि शेजाऱ्यांचा क्रमांक आहे का, हेही विचारून घ्यावे. पेठेतील वाडा असेल तर मोठा बंब बोळात शिरेल का, हा प्रश्न गाडी निघण्यापूर्वीचा आहे. मोठ्या सोसायटीत कोणत्या गेटने यायचे आणि तेथे कोण उभे राहणार, हे ठरवून घ्यावे.

महामार्गावरच्या अपघातात दिशा चुकते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अपघात झाला असेल, तर चुकीच्या बाजूने गेलेल्या गाडीला दुभाजकापलीकडचे दृश्य पाहत पुढे जाऊन वळून यावे लागते. वाहनचालकाला उत्तर-दक्षिण विचारण्यात अर्थ नसतो. “तुम्ही कोठून कोठे निघाला होता आणि अपघात तुमच्याच बाजूला आहे का?” एवढे पुरे. टँकर उलटला असेल, तर त्यावरील पाटीचा, आत कोणता पदार्थ आहे हे सांगणारा चार आकडी क्रमांक लांबून दिसत असेल तरच वाचायला सांगावा.

श्वास चालू आहे असे मानणे

“श्वास आहे का?” या प्रश्नाला नातेवाईक “हो, घोरतायत” किंवा “अधूनमधून घेतायत” असे उत्तर देतात आणि फोन घेणारा निर्धास्त होतो. हृदय बंद पडल्यानंतरही काही मिनिटे असे तुटक, आचके दिल्यासारखे श्वास दिसू शकतात. म्हणून माणूस हाक मारल्यावर आणि हलवल्यावर प्रतिसाद देतो का आणि त्याचा श्वास नेहमीसारखा चालू आहे का, हे दोनच प्रश्न विचारावेत. दोन्हींचे उत्तर नाही असेल, तर रुग्णवाहिका रवाना करतानाच फोनवरच्या माणसाला छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढाची छाती किमान ५ सेंटिमीटर दबेल असे दाबायला सांगावे आणि त्याच्यासोबत मोठ्याने मोजत राहावे. “गाडी निघाली आहे, थांबा” एवढे सांगून फोन ठेवणे, ही या कामातील सर्वांत दुःखद चूक आहे, असे मी मानतो, कारण त्या मिनिटांत रुग्णाजवळ तेच दोन हात असतात.

गॅसगळतीच्या वर्दीत स्वयंपाकघरातला माणूस तेथूनच बोलत असतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, त्यामुळे वास कमी झाला म्हणजे धोका टळला असे नव्हे. दिव्याचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नका, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन तेथून पुन्हा फोन करा, एवढे आधी सांगावे.

दुसरा कॉल तोच आहे असे समजणे

पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढला किंवा वादळात एकाच तासात झाडपडीच्या वर्द्या येऊ लागल्या, की “तिकडे गाडी गेली आहे” हे वाक्य जिभेवर बसते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तशा प्रसंगी एकाच इमारतीतून अनेक फोन येणे साहजिक असते, पण त्यांतला एखादा फोन तळमजल्यावर ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णासाठी असू शकतो. म्हणून आधीची नोंद उघडून नवीन माहिती तीत जोडावी आणि ती घटनास्थळावरील पथकाला वायरलेसवरून कळवावी.

त्याच दिवशी पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडी येथे साचलेल्या पाण्यातून हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तिघांचा मृत्यू झाला. पाणी शिरल्याची किंवा झाड पडल्याची वर्दी घेताना तार तुटली आहे का, पाण्यात विजेची पेटी आहे का, हे विचारणे आणि वीजपुरवठा बंद करण्याचा निरोप त्याच क्षणी महावितरणला देणे, हे फोन घेणाऱ्याचेच काम आहे. पथक पोहोचल्यावर पाहील, असे मानू नये.

“ते आमच्या हद्दीत येत नाही”

महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, शेजारी पिंपरी-चिंचवड, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि दोन कॅन्टोन्मेंट आहेत. हद्द कोणाची, हे नागरिकाने ओळखावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. योग्य कक्षाला आपणच जोडून द्यावे, पलीकडच्याने पत्ता परत वाचून दाखवेपर्यंत लाईन सोडू नये आणि शंका असेल तेथे जवळची गाडी आधी काढावी.

बिघडलेला कॉल सावरताना

कॉल तुटला तर लगेच उलट फोन करावा. तो लागला नाही, तर मिळालेल्या अर्ध्या पत्त्यावर गाडी रवाना करून प्रयत्न चालू ठेवावेत. समोरची व्यक्ती रडत असेल, तर आवाज चढवू नये, तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारावा. भाषा समजत नसेल, तर आसपासच्या कोणाकडे फोन द्यायला सांगावे. गाडी पोहोचूनही कोणी सापडत नसेल, तर खोटी वर्दी अशी नोंद करण्यापूर्वी त्याच नावाचा दुसरा भाग तपासावा आणि पहिले ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे, जमल्यास सहकाऱ्याकडून, कारण आपण एकदा चुकीचे ऐकलेले नाव आपल्याला पुन्हा तसेच ऐकू येते.

पाळी बदलताना चालू वर्द्या केवळ तोंडी सोपवू नयेत. कोणती गाडी कोठे आहे, कोणाला उलट फोन करायचा राहिला आहे आणि कोणत्या पत्त्याची खात्री झालेली नाही, हे लिहून द्यावे, आणि येणाऱ्याने ते मोठ्याने वाचून झाल्यावरच खुर्ची सोडावी.