फ्लॅटबेडचा लोड फोनवरच बिघडतो: या चुका टाळा

“वीस टन आहे दादा, घेणार ना?”
“घेतो की. पत्ता पाठवा.”

डिस्पॅचर, म्हणजे गाड्यांना लोड नेमून देणारा, असा फोन करतो, आणि फ्लॅटबेड (बाजू-छप्पर नसलेला सपाट ट्रेलर) चालवणाऱ्याच्या बऱ्याचशा कटकटी इथेच सुरू होतात. गेटवर, वजनकाट्यावर, रात्री अकराला माल बांधायचे पट्टे पुन्हा आवळताना ज्याला आपण नशिबाचा भाग म्हणतो, ते सहसा या फोनवर न विचारलेलं काहीतरी असतं. वीस टन म्हणजे ट्रेलरभर पसरलेलं लाकूड असू शकतं, नाहीतर दीड मीटर जागेत बसलेली एकच पोलादी कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी.

नुसतं वजन विचारून ‘हो’ म्हणणं

समजा किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला, म्हणजे पुढच्या इंजिनवाल्या गाडीला, जोडणारी खीळ) मागच्या एक्सलांच्या मध्यापर्यंत १० मीटर अंतर आहे. २० टनांची कॉइल किंगपिनच्या मागे ४ मीटरवर ठेवली, तर ८ टन मागच्या एक्सलांवर येतात आणि १२ टन पुढे घोड्यावर. तीच कॉइल १ मीटर मागे घेतली की २ टन पुढून मागे गेले. एकूण वजन तेवढंच असतं, पण काट्यावर एकदा गाडी पास होते आणि एकदा अडकते.

हे गणित मी चूक करून शिकलो. १२ टनांचं मशीन, लांबी साडेचार मीटर, एवढंच मला फोनवर सांगितलं होतं. क्रेनवाल्याने ते ट्रेलरच्या बरोब्बर मधोमध ठेवलं, मीही खूश. काट्यावर पुढचं वजन जास्त भरलं, कारण मशीनची मोटर आणि गिअरबॉक्स एकाच टोकाला होते आणि ते टोक पुढे आलं होतं. लांबीचा मध्य आणि वजनाचा मध्य एकच असेल असं मी गृहीत धरलं होतं. परत गेलो. तोवर क्रेन दुसऱ्या कामावर गेलेली. दोन तास बसून राहिलो आणि डिस्पॅचरला शिव्या घातल्या, अर्थात मनातल्या मनात. पण विचारलं मीच नव्हतं. खरं तर मशीनच्या अंगावर उचलायच्या जागा रंगवलेल्या होत्या आणि त्या एका टोकाकडे सरकलेल्या होत्या. जड बाजू कुठली, हे मशीन स्वतःच सांगत होतं.

आता फोनवर विचारतो: किती नग, लांबी-रुंदी-उंची किती, जड बाजू कुठली, चढवणार कशाने आणि उतरवणार कशाने? शेवटचा प्रश्न हमखास राहतो. तिकडे फोर्कलिफ्टने बाजूने उतरवणार असतील आणि आपण बाजूचे खांब लावून गेलो, तर काढत बसा. उंची विचारताना खालचे लाकडी ठोकळे धरून विचारा, आणि लोड चढल्यावर जमिनीपासून स्वतः टेप लावा. कागदावरची उंची मालाची असते. पुलाखालून पूर्ण गाडी जाते.

फक्त चाकं फिरण्याचा वेळ सांगणं

“कधी पोहोचाल?” या प्रश्नाला आपण उत्साहात उत्तर देतो. डिस्पॅचरच्या स्क्रीनवर ६०० किलोमीटर म्हणजे सरळ दहा तास. त्यात बांधणं नाही, ताडपत्री नाही, वाटेतली तपासणी नाही. उंचसखल मालावर वाऱ्यात ताडपत्री टाकायला तासभर सहज जातो. अमेरिकेच्या नियमात ११ तास ड्रायव्हिंग १४ तासांच्या आत बसवावं लागतं आणि लोडिंगला ताटकळलेला वेळही सहसा त्या १४ मध्येच मोजला जातो. युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती. नियम कुठलाही असो, सकाळी गेटवर गेलेले तीन तास संध्याकाळी परत मिळत नाहीत. म्हणून उशीर दिसायला लागला की तेव्हाच कळवा. सकाळी कळवलं तर डिस्पॅचर उतरवण्याची वेळ बदलून घेऊ शकतो, संध्याकाळी तो फक्त माफी मागू शकतो. गेटवर आत गेल्याची वेळ लिहून सही घ्या, नाहीतर हॉल्टिंगचे, म्हणजे थांबून राहिल्याचे, पैसे विसरा.

पट्टे मोजणं, कोन न बघणं

“आठ पट्टे टाकलेत” याला अर्थ नाही. वरून टाकलेला पट्टा लोडला खाली दाबतो आणि घर्षण वाढवतो. तो ट्रेलरच्या तळाशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर त्याच्या ताणाचा निम्माच भाग खाली दाबण्यात जातो. बुटक्या, रुंद मालावर नेमकं हेच होतं. तिथे पट्टे वाढवण्यापेक्षा माल पुढच्या हेडबोर्डला (ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला) टेकवा किंवा साखळ्या तिरप्या बांधून थेट अडवा. जोरात ब्रेक लागला की पुढे जाणारा धक्का वजनाच्या सुमारे ०.८ पट धरतात, बाजूचा ०.५ पट. पट्ट्याच्या लेबलवर तुटण्याचा आकडा असेल तर तो बांधायला वापरू नका, कामाचा भार वेगळा आणि बराच कमी असतो. धारदार कडेवर कोपरासंरक्षक नसेल तर नवा पट्टाही एका खेपेत कापला जाऊ शकतो.

पहिल्या ८० किलोमीटरच्या आत एकदा थांबाच. लोड बसतो, पट्टे ढिले होतात. ओल्या लाकडाचं तर विचारूच नका.

दोन ठिकाणी उतरवायचा लोड

पहिल्या ठिकाणचा माल मागे किंवा वर, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो उतरल्यावर उरलेला सगळा भार पुढे राहतो, आणि दोन्ही मालांवरून गेलेले पट्टे सुटतात. त्यामुळे उरलेला माल स्वतंत्र बांधता येईल असाच आधी रचा. एक्सलचा हिशोब दोनदा करा, भरलेल्या गाडीचा आणि अर्ध्या गाडीचा.

फोनवर गाऱ्हाणं, आकडा नाही

“साहेब, लोड बरोबर नाही” असं म्हटलं तर डिस्पॅचरला काहीच कळत नाही, तो “जरा ॲडजस्ट करा” म्हणतो. त्याऐवजी साखळी लावण्याआधी फोटो आणि मेसेज पाठवा: “कागदावर ६ नग, इथे ७. लांबी १२ ऐवजी १३.४ मीटर, मागे १.२ मीटर बाहेर येतंय. अजून बांधलेलं नाही. काय करू?” बांधून झाल्यावर केलेल्या तक्रारीला कोणी विचारत नाही, कारण बांधलंत म्हणजे मान्य केलंत.

त्या १२ टनांच्या मशीनवाल्या डिस्पॅचरकडे मी अजून काम करतो. परवा त्याचा फोन येण्याआधीच मशीनचा फोटो आला, जड टोकाभोवती लाल गोल काढलेला. खाली लिहिलं होतं: “हे मागे ठेवायचं का पुढे, तुम्हीच सांगा.”