ऑफिसच्या दिवसात जोहर, असर, मगरिब कशी सांभाळायची

बडोद्यात मकरपुऱ्याला नाहीतर अलकापुरीला नोकरी करणाऱ्यांना माझं एकच सांगणं, जोहर म्हणजे दुपारची नमाज जेवणाच्या सुट्टीला बांधून टाका. आपल्याकडे वर्षभरात सूर्य माथ्यावरून ढळतो तो साधारण बारा वीस ते बारा पन्नासच्या दरम्यान, म्हणजे एकची सुट्टी असेल तर वेळ कायम लागलेलीच असते, आधी वजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं), मग नमाज, मग डबा. डबा आधी उघडला की गप्पा रंगतात आणि नमाज राहून जाते.

मगरिबला, म्हणजे सूर्य मावळल्यावरच्या नमाजेला, खरी धावपळ. तिची वेळ जेमतेम सव्वा तास, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, नेमकं घरी निघायच्या टायमाला. थंडीत वजू करूनच निघा, बॅगेत पातळ जानमाज (नमाजेची चटई) असू द्या आणि वाटेवरची एखादी मशीद हेरून ठेवा, ट्रॅफिकमध्ये अडकून नमाज कजा होण्यापेक्षा (म्हणजे वेळ टळण्यापेक्षा) पाच-दहा मिनिटं थांबलेलं कधीही बरं.

आणि हो, मोबाइलच्या नमाज-वेळेच्या ॲपमध्ये असरची, म्हणजे दुपार ढळल्यावरच्या नमाजेची, सेटिंग नक्की बघा, कारण शाफई आणि हनफी या दोन मुस्लिम पंथांत तिची वेळ वेगळी धरतात. कोकणातून इकडे आलेली आपली मंडळी बहुतेक शाफई, त्यांची असर वस्तूची सावली (भर दुपारची सोडून) वस्तूच्या उंचीएवढी झाली की लागते, हनफींची दुप्पट झाल्यावर. बडोद्यात हा फरक थंडीत पाऊण तासाचा आणि उन्हाळ्यात सव्वा तासाहून जास्त, हनफी असाल आणि ॲप शाफईवर असेल तर नमाज वेळेआधीच पढली जाईल.