थॅलेसेमिया तपासणी: सल्लागार समितीने आधी काय ठरवावं

ठाणे जिल्ह्यात गरोदर स्त्रियांची थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याचा आनुवंशिक रक्तविकार) तपासणी सुरू करताना सल्लागार समितीत रक्तविकारतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, समुपदेशक आणि प्रयोगशाळाप्रमुख हवेतच. शिवाय थॅलेसेमियाग्रस्त मुलाची आई किंवा वडीलही घ्या. सेवा नेमकी कुठे अडते, ते त्यांनाच ठाऊक असतं.

समितीने आकडे लेखी द्यावेत. पहिल्याच भेटीत, शक्यतो १० आठवड्यांच्या आत, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत २ मिली रक्त घ्या. नळी लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करा, नाहीतर गुठळी होऊन नमुना वाया जातो. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) ८० किंवा एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ पेक्षा कमी आलं, की एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी चाचणी) करा. त्यात एचबी-ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) चार टक्के किंवा जास्त आलं तर ती वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसली तरी सदोष जनुक बाळाला देऊ शकणारी. ३.५ च्या आसपास घोटाळा होतो: लोहाची कमतरता हा आकडा खाली ओढते आणि वाहक निसटते. पण गरोदरपणात लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसेपर्यंत थांबू नका, नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात करा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. बाळाला आजार आहे का ते पाहायला, गर्भजल तपासणीच्याही आधी, ११व्या आठवड्यापासून, वारेचा नमुना घेता येतो.

शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर मात्र वेगळा नियम हवा. सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक विकार) वाहकाचं एमसीव्ही बहुधा नॉर्मल असतं, म्हणून तिथे सीबीसीवर चाळणी लावू नका, सगळ्यांचीच सिकलसेल तपासणी करा.

अहवाल सासूच्या हाती नको. तो आधी त्या गरोदर बाईलाच, बंद खोलीत समजावून सांगा.