पुढचे शॉकअप बदलताय? वरचं माउंटिंगही बघा

स्पीडब्रेकरवर पुढून खटखट येते, ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली बसतं, टायर ठिकठिकाणी झिजतो? चाकाआड डोकावून पाहा. शॉकअपवरून तेल ओघळलं असेल तर तो गेला. बदलताना डावा-उजवा दोन्ही एकदम बदला. एकच नवा टाकला तर गाडी दोन्ही बाजूंनी सारखी वागत नाही. स्प्रिंगचंही तसंच. तिचा सगळ्यात खालचा वेढा माती-पाण्याने गंजून तुटतो, तो हात फिरवून तपासा.

स्विफ्ट, वॅगनआरसारख्या गाड्यांत स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते. म्हणून कळकळीने सांगतो: स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) लावल्याशिवाय मधला वरचा नट सैल करू नका, कोणाला करूही देऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं.

सगळं उघडलेलंच आहे तर वरचं रबरी माउंटिंग (शॉकअपचं वरचं टोक गाडीच्या बॉडीला धरणारा भाग), त्याची बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा ठोकळा) आणि धूळ-कव्हर नवं घाला. जुनं झिजलेलं माउंटिंग ठेवलं तर तोच आवाज परत येऊ शकतो आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्याच.