नव्या फोनला कव्हर घेताना आधी कोपरे दाबून बघा

चिपळुणात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलावर येणाऱ्या फुटक्या डिस्प्लेंपैकी बहुतेकांची भेग कोपऱ्यातून सुरू झालेली असते. म्हणून नवा फोन घेतलेल्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगतो, की कव्हर निवडायचं ते कोपरे आणि कडा बघून. रंग, चित्र, चमक यांचा विचार त्यानंतर.

हातातून सुटलेला फोन सपाट असा क्वचितच पडतो. तो फिरत खाली येतो, एखादा कोपरा आधी टेकतो आणि सगळा मार तेवढ्याशा जागेवर बसतो. काच सगळ्यात नाजूक असते ती तिच्या कडेलाच. मऊ कोपरा दबतो, त्यामुळे धक्का एकदम बसत नाही. झेल घेताना आपण हात मागे नेतो ना, तसंच. आणि हल्ली काच आणि खालचं पॅनल एकमेकांना चिकटवलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘फक्त वरची काच गेलीय, टच चालतोय’, तरी बहुतेक वेळा अख्खा फोल्डर, म्हणजे काच आणि पॅनल मिळून असलेला पूर्ण डिस्प्ले, बदलावा लागतो. डिस्प्ले अ‍ॅमोलेड या महागड्या प्रकारचा असेल तर त्या खर्चात साधा फोन येतो.

दुकानात उभ्या उभ्या करायची तपासणी अशी. कव्हर घालायला सांगा, स्क्रीनवर टेम्पर्ड ग्लास लावलेली असू द्या आणि फोन काउंटरच्या काचेवर पालथा ठेवा. डोळा काउंटरच्या पातळीला आणून बाजूने बघा. स्क्रीन आणि काउंटर यांच्यामध्ये स्पष्ट फट दिसली पाहिजे. टेम्पर्ड ग्लास साधारण 0.3 मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे कव्हरची कड तिच्याहून चांगली वर हवी. मी निदान 1 मिलिमीटर उंची बघतो. आता फोन सुलटा करा. कॅमेऱ्याभोवतीची कड लेन्सच्या वर यायला हवी, नाहीतर टेबलावर ठेवलेल्या फोनचं सगळं वजन लेन्सवर येतं. शेवटी चारही कोपरे अंगठ्याने दाबा. कोपरा थोडा दबून परत वर आला की काम झालं. दगडासारखा कडक लागला किंवा कागदासारखा पातळ वाटला, तर दुसरं कव्हर मागा. कोपऱ्यात हवेचे फुगीर कप्पे असतील तर उत्तमच.

टीपीयू हे मऊ, लवचीक प्लास्टिक रोजच्या वापराला चांगलं. विवो, ओप्पो, रेडमीच्या बऱ्याच फोनसोबत डब्यात येणारं पारदर्शक कव्हर याचंच असतं. सुरुवातीला तेच वापरा, फक्त वरची तपासणी त्यालाही लावून बघा. ऊन, उष्णता आणि हाताचा घाम यांनी ते पिवळं पडतं. तो पिवळेपणा मटेरियलमध्येच उतरलेला असतो, साबणाने जात नाही. नुसतं कडक प्लास्टिकचं कव्हर ओरखडे वाचवतं, धक्का फारसा शोषत नाही. पाठ कडक आणि कडा मऊ, असं हायब्रिड कव्हर मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. बाजारात मासळी विकणाऱ्या काकींना मी नेहमी खरखरीत कडांचंच देतो. ओल्या हातातून गुळगुळीत कव्हर सटकतं.

पाकिटावर ‘मिलिटरी ग्रेड’ लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ समजून घ्या. हा संदर्भ अमेरिकी सैन्याच्या मिल-एसटीडी-810 या मानकाचा असतो. त्याच्या 810जी आवृत्तीत वस्तू 4 फुटांवरून, म्हणजे 122 सेंटिमीटरवरून, 26 वेळा पाडतात: 6 बाजू, 12 कडा आणि 8 कोपरे. पण ती पडते काँक्रीटवर अंथरलेल्या दोन इंच प्लायवुडवर, आणि त्या 26 वेळा पाच नगांत वाटून घ्यायची मुभा असते. शिवाय कव्हर बनवणारे ही चाचणी स्वतःच करतात किंवा करून घेतात. सैन्य कुणाला प्रमाणपत्र देत नाही. आपल्या अंगणातला जांभा प्लायवुडपेक्षा फार कठीण आहे, तेव्हा त्या शिक्क्यापेक्षा आपल्या अंगठ्यावर विश्वास ठेवा.

मॉडेलचं नाव फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मधून वाचून दाखवा. एकाच नावात 4जी, 5जी, प्रो, प्लस निघतात आणि कॅमेऱ्याची जागा बदलते. चार्जरची पिन लावून बघा. खाच अरुंद असली तर जाड पिन पूर्ण आत बसत नाही. कव्हर घट्ट असेल तर टेम्पर्ड ग्लासची कड उचलली जाते, तेही तिथेच दिसतं. वायरलेस चार्जिंग वापरत असाल तर मागे धातूची रिंग किंवा पट्टी असलेलं कव्हर घेऊ नका, चार्जिंग अडतं आणि धातू तापतो.

आमच्या कोकणात पावसाळ्यात फ्लॅप कव्हरला बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर ते नकोच. फोन भिजला तर आधी कव्हर काढा; आत अडकलेलं पाणी बटणं आणि स्पीकरजवळच साचून राहतं. उन्हाळ्यात चार्जिंगला लावलेला फोन तापत असेल तेव्हाही जाड कव्हर उतरवा, उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं. आठवड्यातून एकदा कव्हर काढून आतली बारीक धूळ मऊ कापडाने पुसा, कारण पाठीवर चरे त्या धुळीनेच पडतात. पुसताना कोपरे पुन्हा दाबून बघा. सैल पडले असतील, चिरले असतील, तर कव्हर लगेच बदला.