ब्लॅक माम्बा समोर आला तर काय करायचं, चावला तर काय करायचं

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात सफारीला निघालेल्यांनी आणि टांझानिया, झांबियाकडे नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींनी हे एकदा नीट वाचून ठेवा.

नाव ब्लॅक असलं तरी हा साप काळा नसतो, राखाडी नाहीतर तपकिरी असतो, काळं असतं ते त्याच्या तोंडाच्या आत. 2 ते 3 मीटर लांब, सडपातळ, दिवसा फिरणारा. वारुळात, झाडाच्या ढोलीत, दगडांच्या कपारीत राहतो, म्हणून तिकडे वारुळाला टेकून फोटो काढायचे नाहीत. माणसाच्या मागे लागतो म्हणतात ते काही खरं नाही, त्याला आपल्या बिळात पळायचं असतं, फक्त तुम्ही त्याची वाट अडवू नका. डोकं उचलून, मान जराशी पसरवून त्याने काळा जबडा उघडला की समजा शेवटची ताकीद दिली, तसंच हळूहळू मागे सरका, दगड-काठी अजिबात नको.

चावलाच तर सूज फारशी नाही म्हणून थांबू नका. याचं विष मज्जातंतूंवर काम करतं, तोंडाभोवती मुंग्या येतात, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, थुंकी गिळता येत नाही आणि मग श्वासाचे स्नायू थांबतात, माणूस जातो तो श्वास बंद पडून. म्हणून लगेच गाडी बोलवा, आणि ती येईपर्यंत रुंद क्रेप बँडेज चावलेल्या जागेपासून सुरू करून अख्ख्या हाताला किंवा पायाला गुंडाळा, पाय मुरगळल्यावर बांधतो तेवढंच घट्ट, खाली नाडी लागली पाहिजे. वर काठी बांधून हलणं बंद करा, चालवत नेऊ नका. दोरीने आवळणं, ब्लेडने कापणं, तोंडाने चोखणं यातलं काहीही नको.

आपल्याकडची सर्पदंशावरची लस (अँटीव्हेनम, साप चावल्यावर देतात ती) नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी बनते, माम्बावर ती चालत नाही, त्यामुळे इथून नेऊन उपयोग नाही. तिकडची लस वेगळी असते आणि ती हॉस्पिटलमध्येच द्यायची असते कारण रिअ‍ॅक्शन येऊ शकते. लॉजवर पोचल्या पोचल्या विचारून घ्या, लस आणि व्हेंटिलेटर दोन्ही असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं.

वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा, सोडू नका. डोळे मिटलेले, हात हलत नाही, तरी माणूस आतून जागा असू शकतो, सगळं ऐकत असतो, म्हणून त्याच्याशी नाव घेऊन बोलत राहा.