मोरे-स्युर-ल्वँला चालायला जाताय? या चुका टाळा

गावाचं नाव मोरे. आपल्या मोऱ्यांशी काही नातं नाही, पण मराठी माणसाच्या लक्षात राहायला बरं. पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावरून आर लाइनच्या लोकलने पाऊण तास ते पन्नास मिनिटं. ल्वँ नदी गावाच्या वेशीला लागून वाहते आणि दोनेक किलोमीटर पुढे सँ-मामेसला सेन नदीला मिळते. पश्चिमेला फाँतेनब्लोचं जंगल, त्यातला सरकारी वनखात्याकडचा भागच सुमारे १७,००० हेक्टरांचा. चित्रकार सिस्ले शेवटची वर्षं इथेच राहिला आणि १८९९ मध्ये इथेच गेला. त्याच्या चित्रांतला पूल, चर्च, पॉप्लरची झाडं बघायला लोक येतात आणि मग 'आलोच आहोत तर जरा जंगलात चक्कर मारू' म्हणतात. गडबड त्या 'जरा'पासून सुरू होते.

'हे काय, टेकाडच आहे'

पुण्याहून आलेल्या माझ्या एका मित्राला मी सांगितलं, की या जंगलातली सगळ्यात उंच जागाही समुद्रसपाटीपासून दीडशे मीटर भरत नाही. तो हसून म्हणाला, "पर्वतीच म्हण की!" राजगड-तोरणा एका दमात करणारा गडी. त्याच दिवशी दुपारी चार वाजता तो एका चौकात उभा होता. तिथून आठ रस्ते फुटत होते, आठही सरळसोट, आठही सारखे, आणि त्याला माझा फोन लागत नव्हता.

सह्याद्रीत आपल्याला वाट सापडत नाही. इथे वाटा इतक्या आहेत की त्यातली आपली कुठली ते सापडत नाही. शिकारीच्या आणि लाकूडतोडीच्या काळापासून आखलेले रस्ते ताऱ्यासारखे एका बिंदूत मिळतात. अशा प्रत्येक चौकाला नाव असतं आणि बहुतेक ठिकाणी पाटीही असते. ती वाचायची आणि नकाशात शोधायची. आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशासंस्थेचा २४१७ ओटी हा नकाशा याच जंगलाचा आहे, प्रमाण १:२५,०००, म्हणजे कागदावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण आत रेंज येते-जाते. कागदी नकाशा मी तरीही नेतो. तो चार्ज करावा लागत नाही.

दुसरं म्हणजे रेती. जमीन वाळूची आहे, काही वाटांवर पाय घोट्यापर्यंत रुततो. किलोमीटरला बारा मिनिटं हा हिशोब तिथे चालत नाही. खडकाळ भागात तर ताशी तीन किलोमीटर धरा आणि त्यावरही खूश व्हा.

निळा बाण दिसला की निघाले

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एकोणिसाव्या शतकात क्लोद-फ्राँस्वा दनकूर या माणसाने या जंगलात फिरणाऱ्यांसाठी पायवाटा आखल्या आणि त्यांवर निळ्या खुणा केल्या. त्या आजही 'निळ्या वाटा' म्हणून ओळखल्या जातात. पण दनकूरला कुठे पोचायचं नव्हतं, दाखवायचं होतं. त्यामुळे वाट एखाद्या खडकाला वळसा घालते, दोन दगडांच्या फटीतून जाते, परत मागे येते. तासभर चालल्यावर खाली बघावं तर आपण निघालो ती गाड्या लावायची जागा दिसते. मुक्कामाला पोचायची घाई असेल तर निळी वाट धरू नका.

आता माझी फजिती. हेच जंगल खडकांवर चढणाऱ्यांचंही माहेर आहे. ते आपापल्या मार्गांसाठी खडकांवर रंगीत बाण आणि आकडे रंगवतात: पिवळे, केशरी, निळे, लाल, काळे, सोप्याकडून अवघडाकडे. मला एक निळा बाण दिसला, शेजारी आकडा होता. म्हटलं, आली आपली वाट. पहिला दगड चढलो. दुसऱ्यावर हात-पाय टेकून गेलो. तिसऱ्यावर पोटाने. चौथ्याच्या माथ्यावर पोचलो तेव्हा पाठीवर चटई घेतलेली दोन पोरं खालून माझ्याकडे बघत होती. त्यातल्या एकाने अतिशय नम्रपणे विचारलं, "मस्यो, तुमचे बूट कुठे आहेत?" म्हणजे चढाईचे. मी माझ्या ट्रेकिंगच्या बुटांकडे बघितलं आणि मग खाली कसं उतरायचं त्याचा विचार करू लागलो.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. खूण हाताने दगड धरून वर चढायला लावत असेल तर ती आपली नाही. चालणाऱ्यांची खूण पुन्हा जमिनीवर आणते.

बाकी खुणा लवकर सांगतो. वर पांढरी आणि खाली लाल पट्टी म्हणजे जीआर, लांब पल्ल्याची वाट. पिवळी पट्टी म्हणजे स्थानिक छोटी फेरी. हिरवी-पांढरी म्हणजे या संपूर्ण जंगलाची प्रदक्षिणा, सुमारे ६५ किलोमीटर. फुली दिसली तर चुकीच्या वाटेला लागलात, मागे फिरा. झाडांवर वनखात्याने मारलेले ठिपके आणि रेघा वेगळ्याच. तो झाडं तोडायचा-राखायचा हिशोब आहे, त्याच्या मागे जाऊ नका.

नदी समजून कालव्याकाठी

मोरेपासून दक्षिणेला ल्वँ नदी आणि ल्वँ कालवा जवळजवळ हातात हात घालून जातात. कालवा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, सुमारे ४९ किलोमीटर लांब, माँतार्जीजवळून सँ-मामेसपर्यंत. त्याच्या काठचा जुना, बोटी ओढायचा रस्ता सपाट आणि सावलीचा आहे, चालायला सुखाचा. अडचण अशी की कालवा नदीच्या पूर्वेला आहे, आणि जंगल व रेल्वे पश्चिमेला. म्हणजे स्टेशनवर यायचं तर दोन पाणी ओलांडावी लागतात, आणि पूल गावापाशीच असतात. समोर झाडीतून माँतिन्यीची घरं दिसतात, पाचशे मीटर वाटतात, आणि तुम्ही पुढचा पूल गाठण्यासाठी तीन किलोमीटर चालत असता. निघतानाच नकाशावर पुलांवर गोल करा.

या काठाने युरोपभर जाणारी सायकलवाट जाते, त्यामुळे रस्त्याच्या मधोमध चौघे ओळीने चालू नका. घंटा वाजवून झाल्यावर फ्रेंच माणूस काय पुटपुटतो ते न कळलेलंच बरं.

पाऊस झाला असेल तर नदीकाठाचं वेगळं बघा. २०१६ च्या मे-जूनमध्ये ल्वँला असा पूर आला, की नमूरमध्ये पाणी १९१० च्या प्रसिद्ध पुराच्याही वर गेलं. मोरेतही पाणी रस्त्यांत शिरलं होतं. विजिक्र्यू या सरकारी संकेतस्थळावर नद्यांच्या पुराचा इशारा हिरव्या, पिवळ्या, केशरी, लाल रंगात दिसतो. पिवळा असला तरी मी काठाची वाट सोडून जंगलाची धरतो. पूर ओसरल्यावर राहतो तो गाळ, आणि तो बुटातून निघत नाही.

'जंगलात झरा मिळेलच'

मिळत नाही. पाऊस वाळूत जिरतो, वाहतं पाणी या जंगलात जवळपास नाहीच. गंमत म्हणजे पॅरिसला पाणी नेणारा व्हानचा जलसेतू याच जंगलातून, काही ठिकाणी कमानींवरून जातो. तुमच्या डोक्यावरून पाणी वाहतं आणि बाटली रिकामीच. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर न्या. गावात पोचलात तर दफनभूमी शोधा. फ्रान्समध्ये तिथे बहुधा नळ असतो, फुलांना पाणी घालायला. 'नाँ पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पिण्याचं नाही. रविवारी दुपारी गावात दुकान उघडं असेल या भरवशावर राहू नका. तिखटमिठाच्या पुऱ्या घरूनच बांधा. आणि चहासाठी चूल पेटवण्याचा विचार सोडा. जंगलात आणि त्याच्या आसपासच्या २०० मीटरांत पाहुण्याने आग पेटवणं इथे कायद्याने मना आहे.

गोचीड

आपण याकडे सगळ्यात कमी लक्ष देतो. वसंतापासून शरदापर्यंत नेच्यांतून आणि उंच गवतातून चाललात की गोचीड पायाला चिकटू शकते, आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पूर्ण पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले; दिसायला वाईट, पण बघतं कोण? घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या कानामागे बघा. सापडली तर तेल, रॉकेल, मीठ काही लावू नका. फार्मसीत गोचीड काढायचा छोटा आकडा मिळतो, तो त्वचेलगत सरकवून हळू फिरवत काढा. पुढच्या महिनाभरात त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरकडे जा, खाजत नसलं तरी.

शरद-हिवाळ्यात शिकारीचे दिवस असतात. वाटेवर 'शास आँ कूर', म्हणजे शिकार चालू आहे, अशी पाटी दिसली तर वळा, वाद घालू नका. लांबून दिसणारं भडक केशरी बिनबाह्यांचं जाकीट पाचेक युरोत मिळतं.

परतीची गाडी

डिसेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. आधी परतीची गाडी ठरवा, मग तिथून उलटं मोजत वाट ठरवा.

फाँतेनब्लो-फोरे नावाचा एक थांबा थेट जंगलात आहे. शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी पॅरिसहून येणाऱ्या काही गाड्या तिथे थांबतात. परतीची एकही थांबत नाही. तिथे संध्याकाळी वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तसंच मोरेनंतर आर लाइन फुटते, एक फाटा माँतरोकडे, दुसरा माँतार्जीकडे. ग्रे किंवा माँतिन्यीला उतरायचं असेल तर माँतार्जीचीच गाडी घ्या. मेलँहून एरिसीमार्गे माँतरोला जाणारी गाडी मोरेला येतच नाही, पाटीवर नुसतं 'माँतरो' बघून चढू नका.

रस्ता पूर्ण चुकलात, कुणाला लागलं, तर ११२. जवळच्या चौकाचं नाव सांगा. ते नसेल तर झाडांवर वनखंडाचे आकडे असतात, त्यातला जवळचा वाचून दाखवा.

आणि मोरेत जुन्या पुलावर बसून जोगिणींची बार्लीची साखर, जी तिथे १६३८ पासून बनते असं सांगतात, चघळत असाल तर घड्याळ बघा. स्टेशन गावात नाही. चालत पंधरा-वीस मिनिटं, आणि थकलेल्या पायांना पंचवीस.